बाकावरचा कर्णधार

२ ऑगस्ट
आज कॉलेजच्या बास्केटबॉल संघाचा कर्णधार म्हणून माझी निवड झाली. उद्या कुणी मुलाखत घ्यायला आलं तर सगळं हाताशी असावं, म्हणून आजपासून दैनंदिनी लिहायची ठरवली आहे. अशा गोष्टी मागाहून आठवत बसलं की त्यात नकळत मोठेपणा शिरतो. मला तो नको आहे.

सर सहसा बोलत नाहीत. गळ्यात शिट्टी आणि हातात चहाचा कप, दोन्ही कायम. निवड जाहीर केल्यावर त्यांनी कारणही सांगितलं. म्हणाले, "संघात सगळ्यात जुना हाच उरलाय." अनुभवाला त्यांनी इतक्या मोकळेपणाने मान द्यावा याचं बरं वाटलं.

घरी बाबांनी लगेच त्यांच्या ऑफिसातल्या तिघांना फोन केले. आई म्हणाली, "अभ्यासाचं बघ." धाकटी बहीण म्हणाली, "बाकीचे खेळायला तयार आहेत का?" ती अकरावीत आहे. त्या वयात माणूस असंच बोलतो.

९ ऑगस्ट
पहिला सराव. सुरुवातीला मी कपडे बदलायच्या खोलीत सगळ्यांसमोर बोललो. विषय होता त्याग. आपण गेल्या वर्षी पहिल्याच फेरीत का बाहेर पडलो हे कुणालाही न दुखावता सांगितलं: चेंडू माझ्याकडे वेळेवर पोचत नव्हता.

खांब लॉकरला टेकून ऐकत होता. उंचीमुळे त्याला हे नाव पडलं आहे. तो आमचा मधल्या जागेचा खेळाडू, बास्केटखाली उभा राहतो. मी थांबल्यावर त्याने विचारलं, "यंदा मला चेंडू देशील का?" सगळे हसले. संघात एक असा विनोदी मुलगा लागतोच, वातावरण हलकं राहतं.

एक नवा मुलगा आलाय, पहिल्या वर्षाचा. खांबाच्या छातीला लागतो, म्हणून पोरांनी पहिल्याच दिवशी त्याला 'पाऊण' म्हणायला सुरुवात केली. जागा माझीच, म्हणजे चेंडू घेऊन पुढे जायची, त्यामुळे बिचाऱ्याला खेळायला मिळणं कठीण. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हटलं, "बघून शिक." तो म्हणाला, "हो, बघतोय." बूट बांधत होता. प्रत्येक बुटाला दोन दोन गाठी मारतो.

२१ ऑगस्ट
लीगमधला पहिला सामना. ४१–५८ असे हरलो. यातले सत्तावीस गुण माझे. बाकी सगळ्यांनी मिळून चौदा. आकडे स्वतःच बोलतात, मी काही बोलत नाही.

सामन्यानंतर सरांनी विचारलं, "पास किती दिलेस?"

"मोजले नाहीत सर."

"मी मोजले," ते म्हणाले आणि चहा प्यायला निघून गेले. आकडा सांगितला नाही. एकट्यावर सगळा भार पडतो तेव्हा कर्णधाराला काय काय सोसावं लागतं हे त्यांना दिसत असणार.

४ सप्टेंबर
अक्षर वाकडं येतंय, कारण पलंगावर पडून लिहितोय. डाव्या पायाला घोट्यापासून गुडघ्याखालपर्यंत प्लास्टर आहे.

दुसरा सामना. आम्ही नऊ गुणांनी मागे. मी तिघांना चुकवत बास्केटपर्यंत गेलो, उडी मारली आणि खाली आलो तो खांबाच्या बुटावर. तो तिथे मोकळा उभा होता, दोन्ही हात वर करून. तिथे त्याचं काय काम होतं, देव जाणे. घोट्यातून कट्‌ असा आवाज आला.

हाडांच्या डॉक्टरांनी सांगितलं की हाड शाबूत आहे, पण आतला बंध फाटला आहे. दोन महिने तरी खेळायचं नाव काढायचं नाही. बाबा माझ्यापेक्षा जास्त खचलेत. आईने आतापर्यंत तीन उशा पायाखाली ठेवल्या आणि तीनही काढल्या.

मला चिंता संघाची आहे. डोकं कापल्यावर धड काय करणार?

५ सप्टेंबर
सकाळी खांब आणि पाऊण भेटायला आले. खांब दहा वेळा माफी मागून गेला. मी मोठ्या मनाने माफ केलं. जाता जाता पाऊण म्हणाला की काल आम्ही जिंकलो.

मी विचार केला. कारण अगदी साधं आहे. मी बाहेर गेलो हे पाहून समोरचे निर्धास्त झाले आणि निर्धास्त झाले म्हणून हरले. म्हणजे एका अर्थाने हा विजय माझ्या घोट्याचा आहे. धाकटीला समजावून सांगितलं. ती म्हणाली, "प्लास्टर पायालाच घातलंय ना?"

१८ सप्टेंबर
कुबड्या घेऊन सामन्याला गेलो. माझ्यासाठी बाकाच्या टोकाला पाय ठेवायला वेगळी खुर्ची मांडली होती. तिथून मी संघ चालवला. कुबडीने डावीकडे, उजवीकडे, मागे, असे इशारे ठरवले होते. सुरुवातीलाच एक कुबडी पंचांना लागली, तेव्हापासून हातानेच.

जिंकलो. पाऊण माझ्या जागी खेळला. चांगला खेळला म्हणायला हरकत नाही, कारण चेंडू हातात आला की आधी तो माझ्याकडे बघायचा. प्रत्येक वेळी. मग पुढची चाल. इतका आज्ञाधारक मुलगा मी पाहिला नाही.

परतताना हे धाकटीला सांगितलं. ती बाबांबरोबर सामना बघायला आली होती. म्हणाली, "तुझ्या डोक्यावर घड्याळ आहे. भिंतीवर. किती सेकंद उरलेत ते बघतो तो."

ती प्रेक्षकांत दुसऱ्या बाजूला बसली होती. तिथून नीट दिसलं नसणार.

२ ऑक्टोबर
पुन्हा जिंकलो, ओळीने चौथा. खांबाचे एकोणीस गुण. एकट्या खांबाचे. गेल्या वर्षी अख्ख्या हंगामात त्याने इतके केले असतील की नाही शंका आहे. मी त्याला म्हटलं, "सुधारलास." तो म्हणाला, "हात तेच आहेत. आता चेंडू येतो." त्याचे विनोद हल्ली मला नीट कळत नाहीत.

एक गोष्ट लिहावी की नाही, याचा विचार करत होतो. परतीच्या बसमध्ये मी सगळ्यात पुढे बसलो होतो, पाय लांब करायला तिथेच जागा असते. मागे सगळे हसत होते. कुणीतरी पाऊणची टोपी खिडकीबाहेर धरली होती. नंतर गाणी सुरू झाली. मी खेळत होतो तेव्हा बसमध्ये शांतता असायची. तिला मी शिस्त समजायचो. अजूनही समजतो. पण आज मागे वळून बघावंसं वाटत होतं आणि प्लास्टरमुळे वळता येत नव्हतं. म्हणजे प्लास्टर पायाला आहे, मानेला नाही, हे मलाही कळतं. तरी वळता आलं नाही.

१४ ऑक्टोबर
प्लास्टर निघालं. पाय अर्धा झाल्यासारखा दिसतो. आता रोज फिजिओ बाईंकडे जायचं. बाई कडक आहेत. मला जे चालणं वाटतं त्याला त्या 'ओढत नेणं' म्हणतात. सर विचारतात, "पाय कसा आहे?" मी सांगतो, "ठीक." ठणकतो, पण कर्णधाराने ठणकतो म्हणायचं नसतं.

संध्याकाळी पाऊण एकटाच घरी आला. आईला तो आवडतो, कारण वाढलेलं सगळं संपवतो. जेवण झाल्यावर चाचरत म्हणाला, "एक विचारायचं होतं. तू डाव्या हाताला चेंडू घेतोस आणि समोरच्याला वाटतं तू निघालास, पण तू निघतच नाहीस. ते कसं करतोस? मी खूप करून बघितलं. माझं सगळ्यांना आधीच कळतं."

मी त्याला मागच्या अंगणात नेलं. पायाने करता येईना, म्हणून खुर्चीवर बसून खांदा कसा टाकायचा तेवढं दाखवलं. सगळी मेख खांद्यात आहे, पायात नाही. त्याने पन्नासएक वेळा केलं. अंधार पडायला लागला तेव्हा जमलं. जमल्यावर तो असा हसला की मलाही हसू आलं. मी हे कुणाला पूर्वी दाखवलं नव्हतं. कुणी विचारलंच नव्हतं, किंवा विचारण्याइतका मी कुणापुढे थांबलो नव्हतो. जे काही असेल ते.

तो गेल्यावर मनात हिशोब केला की यापुढे तो जे काही करेल त्यात निम्मा वाटा माझा.

५ नोव्हेंबर
दोन बातम्या. आम्ही उपांत्य सामना जिंकला. आणि फिजिओ बाईंनी पाय सगळ्या दिशांना फिरवून, मला एका पायावर उड्या मारायला लावून, आडवं-तिरपं पळवून शेवटी जाहीर केलं, "मोकळा आहेस. खेळ."

अंतिम सामना पुढच्या शनिवारी. यापेक्षा बरी वेळ नियतीला साधता आली नसती.

थेट सरांकडे गेलो. ते मैदानाच्या कडेला जाळ्या मोजत होते. बातमी सांगितल्यावर ते मोजायचे थांबले. मग म्हणाले, "शनिवारी सुरुवात कोण करणार, ते तू ठरव."

"मी?"

"कर्णधार तू आहेस."

इतका विश्वास. घरी येईपर्यंत मी एकटाच हसत होतो.

१० नोव्हेंबर
आज संघाला सांगितलं: शनिवारी सुरुवातीला मी खेळणार, पाऊण राखीव. खांब पाणी प्यायला गेला आणि बराच वेळ आला नाही. पाऊण म्हणाला, "बरोबर आहे. जागा तुझीच होती."

खोटं कशाला लिहू, तो थोडं भांडला असता तर मला सोपं गेलं असतं.

बाबांनी शनिवारची रजा काढली आहे. ऑफिसातले तिघंही येणार आहेत.

१२ नोव्हेंबर
हे आजच लिहायला हवं. उद्या मी ते वेगळं लिहीन अशी भीती वाटते.

स्टेडियम भरलं होतं. पहिला चेंडू माझ्या हातात आला तेव्हा पाय कुठेही दुखत नव्हता. इतका हलका पाय मला आयुष्यात कधी वाटला नसेल. पहिले दोन गुण मीच केले. बाबा आणि त्यांचे तिघे उभे राहिले.

त्यानंतर काय झालं ते मला नीट सांगता येत नाही. म्हणजे सांगता येतं. मी चेंडू घेऊन गेलो आणि तिघांनी मला घेरलं. पुन्हा गेलो, पुन्हा तिघे. ते माझीच वाट बघत होते. खांब बास्केटखाली मोकळा होता, हात वर करून. मला तो दिसला. आधीच्या वर्षांत तो मला दिसत नसे, आज दिसला, हे लिहून ठेवतो. दिसला आणि तरी वाटलं, मी जवळ आहे, मीच टाकतो. टाकला. रिंगला लागून बाहेर. असं किती वेळा झालं ते सर मोजत असतील. हाफ टाइमला १९–३५. एकोणिसातले अकरा माझे. बाबा एकटेच टाळ्या वाजवत होते. त्यांच्याबरोबरचे तिघे आता बसले होते.

आतल्या खोलीत कुणी कुणाकडे बघत नव्हतं. खांबाने डोक्यावर पाण्याची बाटली उलटी केली आणि तसाच खाली मान घालून ठिबकत राहिला. मला वाटत होतं आता कुणीतरी बोलेल, आणि माझी उत्तरं तयार होती. फक्त पाऊण शेजारी येऊन बसला. अंगावर अजून जॅकेट होतं. हळूच म्हणाला, "तो त्यांचा सात नंबर डाव्या बाजूला मंद आहे. खांदा टाकून डावीकडून गेलास तर तुला मोकळं मिळेल. मी बाहेरून बघत होतो ना, म्हणून दिसलं."

त्याला मी जिंकायला हवा होतो. मी त्याच्या चेहऱ्यावर काही वेगळं सापडतं का बघितलं. नव्हतं.

तेवढ्यात सरांनी विचारलं, "पाय कसा आहे?"

हा प्रश्न त्यांनी दोन महिने विचारला आणि दोन महिने मी "ठीक" म्हणत आलो.

"दुखतोय," मी म्हणालो.

का म्हणालो ते ठाऊक नाही. पायाला काहीही झालं नव्हतं. तोंडातून गेलं आणि गेल्यावर परत घेता येईना. सर माझ्याकडे नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ बघत राहिले. "फार?"

"फार."

"बरं," ते म्हणाले आणि पाऊणकडे वळले. "जॅकेट काढ."

दुसऱ्या हाफमध्ये मी बाकाच्या टोकाला होतो. इशारे केले नाहीत. पाऊण चेंडू घेऊन गेला, डाव्या हाताला घेतला, खांदा टाकला. तो निघाला असं समजून सात नंबर भलतीकडे गेला आणि पाऊण जागचा हललाच नव्हता. चेंडू खांबाकडे. आत. मी माझ्या शेजारच्याला म्हटलं, "हे माझ्या अंगणातलं आहे." त्याने ऐकलं नाही. कुणालाच काही ऐकू येत नव्हतं इतका गोंगाट होता. फरक सोळाचा दहा झाला, दहाचा सहा. खांबाने एक फेकलेला चेंडू हवेतच पकडून आत ढकलला, हे मी त्याला कधी करताना पाहिलं नव्हतं. शेवटच्या मिनिटाला ५८–५८ झाले तेव्हा मी बाकावर उभा होतो. कधी चढलो कळलं नाही. दोन्ही पायांवर नाचत होतो, बाटल्या खाली गडगडल्या, एक सरांच्या चहात पडली.

मग आमच्याकडून फाउल झाला, त्यांना फ्री थ्रो मिळाला, तो आत गेला आणि आम्ही एका गुणाने हरलो.

एका गुणाने. पहिल्या हाफमधला एक चेंडू. एकच. हे वाक्य इथेच ठेवतो.

बाबा धावत खाली आले. त्यांचे डोळे भरले होते. तिघांना सांगत होते, "पायाने घात केला हो. पाय नीट असता तर आज चित्र वेगळं असतं." मी मान हलवली. एवढ्यात खांब आला, माझ्याकडे पाठ करून खाली बसला. "चढ."

"अरे, मी चालतो."

"फार दुखतोय ना? चढ पाठीवर."

नाही कसं म्हणणार. चढलो. मला पाठीवर घेऊन तो अख्ख्या कोर्टावरून बसपर्यंत गेला. सगळा संघ मागून येत होता. पाऊणने मान खाली घातली होती, तोंड दिसत नव्हतं, पण त्याचे खांदे हलत होते. आणखी दोघांनी तोंडावर टॉवेल धरले होते. रडू आवरत असावेत. हरण्याचं दुःख प्रत्येकाला वेगळ्या तऱ्हेने होतं.

बसमध्ये मी सवयीने पुढे बसायला गेलो, तर खांबाने मला तसंच उचलून सगळ्यात मागच्या बाकावर, सगळ्यांच्या मधोमध ठेवलं. कुणीतरी माझा पाय दोन बॅगांवर मांडला, अगदी काचेचा असल्यासारखा. मग हसायला सुरुवात कुणी केली कोण जाणे. एक हसला की दुसरा. हरलेल्या संघाला इतकं हसू येतं हे मला माहीत नव्हतं. थोड्या वेळाने मीही हसायला लागलो, कशाला ते न कळता. गाव येईपर्यंत पोट दुखत होतं.

१९ नोव्हेंबर
कॉलेजात सत्कार झाला. उपविजेतेपदसुद्धा आमच्या कॉलेजला नवीन आहे. प्राचार्य बराच वेळ माझ्यावरच बोलले. जखमी पायाने अर्धा सामना खेळणारा कर्णधार तरुण पिढीपुढे ठेवावा असा आहे, असं त्यांचं म्हणणं पडलं. फुलं घ्यायला मी लंगडत व्यासपीठावर गेलो. संघ उभा राहून टाळ्या वाजवत होता. खांबाने दोन बोटं तोंडात घालून शिट्टी मारली. टाळ्या थांबेचनात, तेव्हा प्राचार्यांनीच हाताने खूण करून सगळ्यांना बसवलं. इतकं प्रेम मिळेल असं वाटलं नव्हतं.

लंगडण्याचं एक कळत नाही, ते थांबवायचं कधी? फिजिओ बाईंना विचारता येत नाही. घरी धाकटी म्हणते, "जिना नीट चढतोस. बाबांनी दार उघडलं की लंगडतोस." मी तिला तिच्या अभ्यासाकडे लक्ष द्यायला सांगितलं. ती म्हणाली, "सांगणार नाही बाबांना. मला काय मिळेल ते बोल." आता महिनाभर तिची सायकल मी पुसायची आहे.

२ डिसेंबर
मध्ये लिहिलं नाही. मुलाखतीला कुणी आलं नाही आणि तेच बरं झालं.

आज सरांनी बोलावलं. पुढच्या वर्षीही मी कॉलेजात आहे, एक विषय राहिला म्हणून. ते जाळीखाली खुर्ची टाकून बसले होते. म्हणाले, "पुढच्या हंगामाला कर्णधार कोण? तुला विचारतोय, कारण संघात सगळ्यात जुना तूच."

ऑगस्टमध्ये हे वाक्य मी कसं ऐकलं होतं ते आठवलं. आज ते ऐकायला वेगळं लागलं. त्यात मानही नव्हता आणि अपमानही नव्हता. नुसतं खरं होतं.

मी म्हटलं, "पाऊण."

"आणि तू?"

"मी खेळेन की. राखीव म्हणून ठेवा. तो दमला की जाईन." मग एवढ्यावर थांबावं की नाही, असं वाटून पुढे म्हणालो, "शिवाय माझ्या पायाचा भरवसा नाही."

सरांनी चहाचा घोट घेतला. "कुठल्या?"

"उजव्या," मी म्हणालो.

सरांनी मान डोलावली. चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. "काळजी घे त्याची," ते म्हणाले. "सराव सोमवारपासून. वेळेवर ये."

मी फाटकापर्यंत उजव्या पायाने व्यवस्थित लंगडत गेलो. फाटकाबाहेर पाऊण उभा होता, माझीच वाट बघत. चेंडू काखेत. माझ्या चालण्याकडे बघून म्हणाला, "अरे, डावा. डावा होता."

मी उभा राहिलो.

"तुला कधीपासून माहीत आहे?"

"बाकावर नाचत होतास तेव्हापासून. सगळ्यांनाच." त्याने चेंडू माझ्याकडे टाकला. "चल, थोडं खेळू. मला उजवीकडचं दाखव. ते अजून जमत नाही."

आम्ही परत आत गेलो. सर अजून तिथेच बसले होते. त्यांनी आमच्याकडे बघितलं नाही, फक्त खुर्ची जराशी बाजूला घेतली.